जावईबापूंच्या कुर्त्याचं माप

दुकानदारानं काउंटरवर तो सेट उलगडला तेव्हा मला वाटलं, हा माणूस चुकून पलंगपोसच दाखवून राहिला. पांढऱ्यावर निळी बुट्टी. कुर्त्याला तीच, पायजम्यालाही तीच. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, कानाशी येऊन म्हणाले, "हे घालून जावई गादीवर बसला, तर गादी कुठं संपली अन् जावई कुठं सुरू झाला, कळायचं न्हाई."

दुकानदारानं ऐकलं. हसला, पण माल काही मागं घेतला नाही. "मावशी, आता हेच चालू हाय. सुती कापड हाय, ह्या उन्हात अंगाला चिकटत न्हाई. लग्नात बी हेच घालून राहिले लोक."

"झोपायचं न्हाई ना हे?" मी विचारलं.

"झोपले तरी चालतंय. कापडाला काय कळतं, दिवस हाय का रात?"

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. नांदेडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, दुकानाची पायरी चप्पल घालूनही भाजत होती. आमच्याकडं धोंड्यात लेक-जावयाला जोडीनं बोलवतात. जावई म्हणजे त्या दिवशी देव, लेक म्हणजे लक्ष्मी. नवे कपडे द्यायचे, ते लगेच घालायला लावायचे, पाटावर शेजारी शेजारी बसवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, अनारशाच्या ताटात दिवा लावून दान द्यायचं. ह्यात अवघड काही नाही. कुणाही बाईला झोपेतून उठवून विचारा, सांगेल.

अवघड होतं ते माझ्या घरचं. आम्हाला एकच लेक. ती लातूरला दिलेली. ती गेली, त्याला आता चार वर्षं होतील. साध्या तापाचं निमित्त झालं. त्याच्यापुढं मी लिहीत नाही, माझ्याच्यानं होत नाही. नात तेव्हा पहिलीत होती. पोरीसाठी म्हणून आम्हीच जावयाला म्हणलं, बाबा, दुसरं लग्न कर. त्यांनी केलं. आम्ही लग्नाला गेलो नाही, नवरीला साडी तेवढी पाठवली. मागचा धोंडा तर कधी आला आणि कधी गेला, मला कळलंही नाही. तेव्हा जावई एकटे होते, अन् एकट्याला पाटावर बसवायची रीत नाही.

आता ते पुन्हा जोडीचे झाले होते. पण ती जोडी माझी होती का?

हे कुणाला विचारावं तेही कळेना. दिवाळीला आणि सुट्टीत जावई नातीला घेऊन यायचे. आधी मुक्काम करायचे. मग जेवून जायला लागले. मग चहा घेऊन. ह्या संक्रांतीला तर त्यांनी गाडी बंदच केली नाही, पोरीला तिळगूळ देऊन घेऊन गेले. मला दिसत होतं पुढचं. धोंड्याला बोलावलं तर ते जावई. नाही बोलावलं, तर नुसते नातीचे वडील. आणि नातीच्या वडिलांच्या घरी मी कोणत्या हक्कानं जाऊन बसायचं? आज ना उद्या पोरगीही मला पाहुणीसारखी झाली असती.

देगलूरच्या माझ्या थोरल्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "त्या लातूरच्या विहिणीनं नव्या सुनेच्या गळ्यात पुतळी घातली का न्हाई, ते सांग आधी."

पुतळी म्हणजे गेलेल्या पहिल्या बायकोच्या नावाची चांदीची बारकी मूर्त. दुसरी करून आणली की तिच्या गळ्यात बांधतात, गेलेलीचा मान राहावा म्हणून. आता कोण करतं हे? मी म्हणलं, "मला काय ठाऊक? मी काय तिचा गळा बघायला गेले?"

"घातली असंल तर ती तुझी लेकच झाली. तिला दोन माहेरं. बोलव जोडीनं, इचार करत बसू नको."

फोन ठेवला तर शेजारीण दारात उभी. तिला भिंतीतूनसुद्धा ऐकू येतं. म्हणाली, "काकू, तुम्ही कशाला लुडबुड करताव? तिची आई उदगीरला बसलीय ना लाड करायला. एका जावयाला दोन सासवांनी जेवू घातलं तर पुण्य कुणाला लागायचं?"

दोघींचंही मला पटलं. हाच माझा रोग आहे, जी शेवटी बोलते तिचं पटतं. पण मालक चप्पल घालून दारात उभे राहिले अन् म्हणाले, "चल कपडे घ्यायला. पुण्याचं नंतर बघू." म्हणून आम्ही दुकानात.

तर दुकानदार म्हणतो, "माप सांगा."

आता आली का पंचाईत! आधी पँट-शर्टाचं कापड द्यायचो, माप ज्याचं तो देई. पुढं तयार शर्ट आले, तेव्हा लेकच फोनवर सांगायची, आई चाळीस घे, कॉलर घट्ट नको. त्यानंतर माणसाचं अंग किती बदललं असेल? मालक म्हणाले, "माझ्याएवढाच हाय की," आणि स्वतः हात पसरून उभे राहिले. दुकानदार मला विचारतो, "ह्यांच्याएवढे?" जावयाकडं आपण मापानं कधी बघतो का हो? पदर सावरून, चहाचा कप पुढं करतो, झालं. पाकिटावरचा दाढीवाला पोरगा बघून मला तर जावयाचा चेहराही नीट आठवेना.

जावयाला फोन केला असता तर ते म्हणले असते, कशाला मामी, राहू द्या. म्हणजे विचारायचं कुणाला? जिला विचारायचं तिच्याशी मी कधी एक अक्षर बोलले नव्हते. नात तिच्याच मोबाईलवरून मला फोन करायची, म्हणून माझ्या फोनमध्ये तो नंबर नातीच्या नावानं ठेवलेला. मी तोच लावला.

"हॅलो?" मागं कुकरची शिट्टी.

"मी नांदेडहून बोलते."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मग, "बोला." आई नाही, काकू नाही, नुसतं बोला. मीही तिला काय म्हणावं? बाळ म्हणावं, तर कुणाचं?

"ते, जावईबापूंच्या कुर्त्याला माप कोणतं लागतं?"

"बेचाळीस." लगेच म्हणाली. "पण सुती हाय का? सुती असंल तर आटतंय. चव्वेचाळीस घ्या."

"बाही?"

"बाही ते दुमडत्यातच. कितीबी घ्या."

"बरं. येत्या रविवारी धोंड्याचं जेवण ठेवलंय."

"बरं."

"बरं मग."

अन् मी फोन ठेवला. मालक म्हणाले, "काय म्हणली?" म्हणलं, "चव्वेचाळीस म्हणली." एवढंच. मग तिच्यासाठी साडी घेतली, जांभळी, बारीक काठाची. मालकांनी निवडली. त्यांना साडीतलं काही कळत नाही, पण मी दोन साड्या हातात धरून उभीच राहिले होते, म्हणून त्यांनी एक ओढून घेतली.

रविवारी पहाटेपासून माझी गडबड. पुरण शिजवलं, वाटलं. दोन पाट मांडले, भोवती रांगोळी काढली. एका पाटापुढं कुर्ता-पायजमा, दुसऱ्यापुढं साडी. ती साडी एकदा उचलून आत नेली, मग पुन्हा आणून ठेवली.

गाडी आली. जावई उतरले, नात उतरली, पळत येऊन मला चिकटली. मी गाडीच्या मागच्या काचेकडं बघून राहिले. दार काही उघडेना.

"जावईबापू, मंडळी?"

जावई बूट काढायला वाकले अन् वाकलेलेच राहिले. "ती... ते जरा..."

नात म्हणाली, "गुरुद्वाऱ्यात बसलीय की! आम्हाला इथून उदगीरला जायचं हाय ना. मम्मी म्हणली, मी लंगरमध्ये जेवते, तुम्ही आजीकडं जेवा." आणि 'मम्मी' म्हणल्यावर पोरीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही तिच्या हातून बरणी फुटली. त्या क्षणी मला कळलं, ही एवढी पोर आजवर माझ्यासमोर तो शब्द गिळून टाकत होती.

माझ्या डोक्यात काहीच बसेना. राग आला का तिला? माझ्या घरचं खायचं नाही म्हणून, की पाट आवडला नाही म्हणून? पण पाट तर तिनं बघितलाच नव्हता. जावई "तिला जरा वाटलं..." एवढंच दोनदा म्हणाले. शेजारीण कुडावरून, "बघा, मी म्हणलं नव्हतं का?" मालक म्हणाले, "पुरण गार व्हायलंय."

गावात आलेली लेक, किंवा जी कोण असेल ती, लंगरच्या पंगतीत जेवणार अन् तिचा नवरा माझ्या घरी देव होऊन पाटावर बसणार? असलं धोंड्याचं जेवण मी कधी ऐकलं नव्हतं. एका पाटाचं दान होतच नाही. जावयाच्या हातात कुर्त्याचं पाकीट दिलं. म्हणलं, "हे घालून बसा. जेवायचं न्हाई. मी आलेच." नातीला घेतलं आणि रिक्षात बसले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, हाताला पुरण तसंच लागलेलं.

गुरुद्वाऱ्याच्या दारात पाय धुतले, डोक्यावर पदर घेतला. आत संगमरवर तापलेला, त्यावर टाकलेल्या ओल्या पट्टीवरून लोक चाललेले. तिचा चेहरा मला फक्त मोबाईलमधल्या फोटोतला माहीत. मी प्रत्येक बाईकडं बघून राहिले. नातीनंच बोट केलं, "ती बघ."

व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसली होती, शेजारी प्रवासाची बॅग. आम्हाला बघून एकदम उठली. उठताना बॅग पडली, ती उचलावी का माझ्या पाया पडावं, तिला सुधरेना. शेवटी बॅग तशीच टाकून ती वाकली. वाकताना पदराबाहेर काळा दोरा आला, अन् त्याच्या टोकाला ती पुतळी. चांदीची, नखाएवढी.

तिनं माझी नजर बघितली आणि ती पदराआड सारायला लागली.

"राहू दे," मी म्हणलं.

"सासूबाईंनी घातली," ती म्हणाली. "मी काढत न्हाई कधी. जड न्हाई काही."

मी तिथंच खांबाशी बसले. तीही बसली. नात मध्ये.

"जेवलीस का?"

"न्हाई अजून. पंगत बसतीय आता."

"मग माझ्या घरच्या पाटावर कुणी बसायचं?"

ती खाली बघून म्हणाली, "तुम्ही त्यांचंच माप विचारलं."

"हाव, विचारलं. मग?"

"धोंड्याला बोलवत्यात तवा बाईचं बी विचारत्यात की. बांगडीचं विचारत्यात, ब्लाउजचं विचारत्यात. मी फोन धरून थांबले होते. तुम्ही ठिवून दिला." तिनं बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला. "मग मला कळलं, बोलावणं त्यांना अन् पोरीला हाय. बरोबरच हाय की. ती जागा तुमच्या लेकीची. मी येऊन बसले तर तुम्हाला कसं सोसंल? म्हणून म्हणलं, आपण इथंच बसावं. इथं कुणी विचारत न्हाई, तू कोण म्हणून."

माझ्या तोंडातून निघालं ते हे, "अगं बाई, साडीला माप लागतं का?"

तिनं वर बघितलं. "साडी?"

"कवाची घेतलीय! जांभळी. पाटापुढं ठिवून आले. साडीला लहान-मोठं बघावं लागत न्हाई, ती सगळ्यांना पुरती, म्हणून तुझं विचारायचं सुचलंच न्हाई मला."

खरंच सुचलं नव्हतं का, की जीभ वळली नव्हती? तेव्हा ठाऊक नव्हतं, आताही ठाऊक नाही. त्या दिवशी मी विचार केला नाही. नात म्हणाली, "आजी, भूक लागली, इथंच जेवू की आपण," आणि आम्ही दोघी एकदम म्हणालो, "न्हाई!" मग ती हसली. हसताना तिचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसतो. फोटोत तिनं तोंड मिटलेलं होतं.

प्रसाद घेतला, तुपानं हात माखले, तसेच रिक्षात बसलो. अजूनही मी तिला काय म्हणून हाक मारावी हे ठरलेलं नव्हतं. रिक्षावाल्याला म्हणलं, "दादा, हिला नीट बसू द्या, बॅग हाय तिच्याजवळ."

घरी येऊन बघते तर जावई खुर्चीवर, त्या निळ्या बुट्टीच्या सेटात, ताठ. आम्ही आत आलो तरी उठेनात. एरवी फार रीतीचा माणूस, सासू आली की उभा राहणारा. मला वाटलं, रागावले.

मालक म्हणाले, "उठवू नको त्यास्नी. पायजम्याच्या नाड्याचं एक टोक आत गेलंय. आम्ही दोघांनी पेन्सिलीनं लई खटपट केली. आता पेन्सिलीचं टोक बी आत हाय."

जावई दोन्ही हातांनी पायजमा धरून बसलेले. "मामी, माफ करा," म्हणाले.

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मग म्हणाली, "पिन हाय का?"

पिन माझ्या बांगडीला अडकवलेली असतेच. काढून दिली. जावई पायजमा सांभाळत, पाऊल मोजत पडद्याआड गेले, टॉवेल गुंडाळून पायजमा बाहेर दिला. ती उंबऱ्यावर बसली. पिन नाड्याला टोचली, शिवणीतून चिमटीत धरून पुढं पुढं सरकवत नेली. मध्येच पेन्सिलीचं टोक टपकन खाली पडलं, तेव्हा मालकांनी "हे आलं" म्हणून ते उचलून खिशात टाकलं. मी बाजूला उभी होते. ती कुणाच्या घरात, कुणाच्या उंबऱ्यावर, कुणाच्या नवऱ्याचा नाडा ओवून राहिली, ह्याचा मी मनात हिशेब मांडत होते. प्रत्येक खेपेला उत्तर वेगळं येत होतं.

मग दोघं पाटावर बसले. कुर्ता अंगाला बरोबर आला, जरासा सैल. बाही त्यांनी दुमडली, तिनं सांगितलं होतं तशी. तिनं जांभळी साडी आतल्या खोलीत जाऊन नेसली, ब्लाउज मात्र अंगावरचाच, पोपटी. जांभळ्यावर पोपटी. नातीनं मध्येच आपला एक पाट ओढून आणला, रांगोळी मोडली. मी ओटी भरली. दान द्यायला ताट हातात घेतलं, वाकले, हात जोडले. कुणाला जोडले ते मला कळलं नाही. पुतळी पदराबाहेर होती. तिनं ती आता झाकली नाही, एवढं मी बघितलं.

जेवताना तिनं धोंडे दोनदा मागून घेतले. मालक म्हणाले, "लंगरमधी एवढं मिळालं असतं का?"

"तिथं न मागता वाढत्यात, मामा," ती म्हणाली. मालक खो खो हसले. त्यांचं तसं हसणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

निघताना जावई गाडी वळवायला गेले. उदगीरलाही कुर्ताच घेऊन ठेवलाय म्हणे, तोही छापील. ती दारात थांबली, बॅगेची चेन ओढली आणि आतून एक जुना ब्लाउज काढला. धुऊन मऊ झालेला, काखेत एकदा उसवून शिवलेला.

"साडीला ब्लाउजचं कापड जोडूनच हाय," ती म्हणाली. "लातूरचा माझा टेलर लई बिघडवतो. इथं शिवून घेताव का? हे मापाचं हाय."

"घेते की. पण न्यायचं कसं? पाठवून देऊ का जावईबापूंसंगट?"

"त्यास्नी काय कळतं त्यातलं. मी येते की न्यायला. अंगात घालून बघावं लागंल ना." मग नातीला म्हणाली, "शाळा सुरू व्हायच्या आधी येऊ गं आपण." नात माझ्याकडं बघून म्हणाली, "हाव मम्मी." ह्या खेपेला तिनं शब्द गिळला नाही.

गाडी गेल्यावर शेजारीण आलीच. "कोण होती ती जांभळ्या साडीतली?"

"ब्लाउज शिवायला देऊन गेली," मी म्हणलं.

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंकडं गेले. त्यांनी माझे सगळे ब्लाउज शिवलेत, माझ्या लेकीचेही. लग्नातला शालूचा ब्लाउज त्यांनीच शिवलेला. त्यांनी तो जुना ब्लाउज उलटा केला, टेप लावला, कपाळाला आठी घातली.

"काकू, हे तुमचं न्हाई. कुणाचं हाय?"

आता काय सांगू? लेकीचं म्हणावं, तर ह्या बाईला माझ्या लेकीचं माप पाठ. सुनेचं म्हणावं, तर मला मुलगा नाही. पाहुणीचं म्हणावं, तर पाहुणी कधी मापाचा ब्लाउज ठेवून जाते का?

"लातूरचं हाय," मी म्हणलं.

"लातूरचं म्हंजे?"

"अगं, माप दिलंय ना तुझ्या हातात? माणूस कशाला विचारतीस? अन् हे बघ, शिवणीत आत कापड जरा जास्तीचं सोड. पुढं अंगानं भरली तर उसवता आलं पाहिजे."